ऑर्गनमधला गंधार

इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचा इतिहास सांगताना बहुतेक जण हे वाद्य एकाच मोजपट्टीने मोजतात: चर्चमधल्या भव्य पाइप ऑर्गनच्या आवाजाच्या ते किती जवळ पोहोचले? युरोप-अमेरिकेच्या दृष्टीने हा प्रश्न रास्तच आहे, कारण पाइप ऑर्गनची जागा, वजन आणि किंमत ज्यांना झेपत नव्हती त्यांच्यासाठीच तिकडे हे वाद्य प्रामुख्याने घडले. पण नाशिकमध्ये नाट्यसंगीताला आणि भजनाला साथ करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला पाइप ऑर्गन भेटतो तो रेकॉर्डिंगमध्येच, आणि त्याची हुबेहूब नक्कल झाली की नाही याने आमच्या मैफलीत फारसा फरक पडत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. या वाद्यात सूर नेमका कुठे ठरतो, आणि ठरलेल्या सुराला वाजवणाऱ्याचा हात लागू शकतो का? हा प्रश्न मनात ठेवून ऑर्गनच्या पिढ्या पाहू लागलो, तेव्हा ‘प्रगती’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या काही पायऱ्या मला उतरत्या दिसल्या, आणि आज जुन्या बाजारात कोणी विचारत नाही अशी एक पिढी आपल्या संगीताला सर्वांत जवळची वाटली.

मराठी माणसाला ऑर्गन ओळखीचा झाला तो घरोघरी वीज येण्याच्या आधी. मिशनऱ्यांनी आणलेला, पायाने भाता चालवायचा रीड ऑर्गन चर्चमधून बाहेर पडून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत संगीत नाटकांच्या रंगमंचापुढे येऊन बसला, आणि बालगंधर्वांच्या गायनाची साथ करता करता त्याचा भरदार, लांबत जाणारा स्वर नाट्यगीताचाच एक भाग होऊन गेला. कालिदास कलामंदिरात एखाद्या जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग असला की पडदा वर जाण्याआधी ऑर्गनचा सूर कानावर पडावा, अशी अपेक्षा घेऊन येणारे रसिक शहरात अजूनही आहेत, आणि त्यांची ती अपेक्षा मला फार मोलाची वाटते.

मात्र पेटी असो की ऑर्गन, दोन्हींत सप्तकाचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. सप्तकाचे १२०० सारखे भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. समान विभागणीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार मात्र ३८६ सेंटच्या आसपास असतो. हा चौदा सेंटांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण तंबोरा जुळलेला असताना पेटीवरचा गंधार लांबवून धरला की तो चढा असल्याचे कसलेल्या कानाला लगेच कळते. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले ते १९७१ पर्यंत. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, नाही आणि तिचे सप्तक समान विभागणीचे आहे, हे त्यामागचे दोन मुख्य आक्षेप होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी क्लेमंट्स यांनी १९१०च्या आसपास श्रुतींप्रमाणे, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांप्रमाणे, लावलेली हार्मोनियम घडवण्याचा खटाटोप केला तो याच कारणासाठी. पेटीतला सूर हलवणे अशक्य नसते. पितळेची पत्ती टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाकडे खरवडली की उतरतो. पण खरवडून गेलेले पितळ परत येत नाही, त्यामुळे पेटी लावणारा कारागीर हात घालण्यापूर्वी पुष्कळ विचार करतो.

विजेवर चालणाऱ्या ऑर्गनचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा. अमेरिकेत थॅडियस केहिल यांनी १८९७ साली पेटंट घेतलेले टेलहार्मोनियम हे या घराण्याचे मूळपुरुष. प्रत्येक सुरासाठी फिरणारे जनित्र, आणि त्यांतून निघालेला विद्युतप्रवाह टेलिफोनच्या तारांतून थेट ऐकणाऱ्यांपर्यंत, अशी त्याची रचना होती. आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर तेव्हा उपलब्ध नसल्याने सगळी ताकद जनित्रांतूनच काढावी लागे, आणि म्हणून १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये उभ्या राहिलेल्या यंत्राचे वजन सुमारे २०० टनांवर गेले. ते टिकले नाही, पण फिरत्या चाकातून सूर काढण्याची कल्पना टिकली.

ती कल्पना लॉरेन्स हॅमंड यांनी १९३४ साली पेटंट घेऊन १९३५ साली बाजारात आणली. हॅमंड यांचा मूळ धंदा विजेवरच्या घड्याळांचा, आणि या ऑर्गनचा जीव त्या घड्याळातच आहे. घरात येणाऱ्या विजेच्या वारंवारतेशी अचूक बांधलेली मोटर मिनिटाला १२०० फेरे घेते. तिच्यावर दातेरी चाकांच्या बारा जोड्या असतात आणि त्यांच्यामार्फत तळहातात मावतील अशी ९१ लोखंडी स्वरचाके फिरतात. चाकाच्या कडेवरचा प्रत्येक उंचवटा शेजारच्या चुंबकासमोरून गेला की चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात विजेची एक लाट उठते. पाश्चात्त्य ‘ए’ सुरासाठी दात्यांची जोडी ८८ आणि ६४ अशी आहे. सेकंदाला २० फेऱ्यांना ८८ ने गुणून ६४ ने भागले की २७.५ फेरे येतात, आणि १६ उंचवट्यांच्या चाकावर त्याचे बरोबर ४४० कंप होतात. बाकीचे अकरा सूर दात्यांच्या पूर्णांकांतून जितके जमतील तितके समान सप्तकाच्या जवळ आणले आहेत. हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा त्या घड्याळजीच्या बुद्धीपुढे मनोमन हात जोडले.

पण आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे कडक आहे. सूर लोखंडात कापलेला आहे. वाजवणाऱ्याने काहीही केले तरी गंधार तसूभरही हलत नाही. त्याहून विशेष म्हणजे सगळ्या वाद्याचा सूर विजेच्या वारंवारतेवर टांगलेला आहे. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आणि आपल्याकडे ५०. ६० हर्ट्झसाठी घडवलेला हॅमंड आपल्याकडच्या विजेवर लावला तर सगळे सूर ६:५ या प्रमाणात खाली येतील, म्हणजे षड्ज आणि कोमल गंधार यांच्यात जितके अंतर तितके. म्हणून ५० हर्ट्झच्या देशांसाठी वेगळे नमुने निघत. तसा नमुना आणला तरी एकलहऱ्यासारख्या वीजकेंद्रांतली जनित्रे ज्या गतीने फिरतील तोच आपला षड्ज. विजेच्या तुटवड्याच्या दिवसांत, विशेषतः २००० सालाच्या आधी, आपल्याकडे वारंवारता ४९च्या खाली जाणे नवलाचे नव्हते, आणि ५०ची ४९ झाली तरी सूर ३५ सेंट उतरतो. मैफल रंगात आली असताना गायकाच्या पट्टीचा निर्णय वीजमंडळाने घ्यावा, ही स्थिती आपल्याकडे चालण्यासारखी नव्हती.

हॅमंडची आणखी एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. त्याच्या कळपट्टीवर नऊ खेचपट्ट्यांचे संच असतात. मूळ सुरात कोणता उपस्वर, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या कंपांचा वरचा सूर, किती मिसळायचा हे त्या पट्ट्या शून्यापासून आठपर्यंत ओढून ठरवायचे. वाजवणाऱ्याच्या हाती स्वराचा रंग इतक्या मोकळेपणाने देणारे वाद्य त्याआधी क्वचितच झाले असेल. परंतु हे उपस्वर स्वतंत्र बनवलेले नसून त्याच ९१ चाकांतून उसने घेतलेले असतात. म्हणजे तारेच्या पाचव्या उपस्वराची, आपल्या स्वयंभू गंधाराची, जागा इथे समान सप्तकातला चढा गंधार घेतो. तंबोऱ्यात जो सूर निसर्गतः शुद्ध उमटतो, तोच या वाद्यात आतून चौदा सेंट सरकलेला असतो. हॅमंडच्या ध्वनीतली ती खास चमक काही अंशी यातूनच आली आहे, आणि त्याच्या पाश्चात्त्य रसिकांना ती प्रिय आहे. पण तंबोऱ्याशेजारी तो ऑर्गन परका का वाटतो, याचेही कारण माझ्या मते हेच.

पाइप ऑर्गनशी तुलना हॅमंडच्या मागे सुरुवातीपासून लागली. जाहिरातीतल्या दाव्यांवरून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगापुढे तक्रार गेली आणि शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात दोन्ही वाद्ये आडून वाजवून श्रोत्यांची परीक्षा घेण्यात आली. श्रोते सुमारे एक तृतीयांश वेळा चुकले. पुढे हॅमंड गाजला तो मात्र नकलेसाठी नव्हे. कळ दाबताना संपर्कबिंदूंतून येणारा ‘टिक्’ आवाज अभियंत्यांना दोष वाटत होता, तो जॅझ आणि गॉस्पेल वाजवणाऱ्यांनी तालाचे अंग म्हणून उचलला. डोनाल्ड लेस्ली यांचा फिरत्या कर्ण्याचा स्पीकर त्याला जोडला गेला, आणि वाद्याला स्वतःचा चेहरा मिळाला.

दरम्यान दुसरी एक वाट निर्वात नळ्यांतून निघाली होती. फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली बनवलेले क्लॅव्हिओलिन हे त्या वाटेवरचे आपल्या ओळखीचे वाद्य. एका वेळी एकच सूर काढणाऱ्या या छोट्या कळपट्टीवर कल्याणजी वीरजी शहा यांनी १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटासाठी पुंगीचा आवाज काढला, आणि तो खऱ्या पुंगीचा नाही हे कित्येकांना आजही ठाऊक नसते. एकेक सूर काढणाऱ्या वाद्याला एक आंदोलक, म्हणजे ठरावीक वेगाने लाटा उठवणारे मंडल, पुरते. ऑर्गनला मात्र सगळ्या पट्ट्या एकाच वेळी वाजू शकायला हव्यात, आणि प्रत्येक पट्टीला वेगळा आंदोलक दिला तर ते सगळे एकमेकांशी जुळलेले ठेवणे हेच मोठे काम होऊन बसते.

यावर निघालेला उपाय मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. सर्वांत वरच्या सप्तकातले फक्त बारा सूर आंदोलकांनी निर्माण करायचे, आणि त्या प्रत्येकाच्या कंपसंख्येचे दोन-दोन भाग करत खालची सप्तके मिळवायची. हॅमंड कंपनीनेच १९३९ साली आणलेल्या, १६३ नळ्यांच्या नोव्हाकॉर्डमध्ये ही पद्धत होती. १९५०चे दशक संपता संपता ट्रान्झिस्टर आले आणि तीच गोष्ट एका माणसाला उचलता येईल अशा खोक्यात मावू लागली. १९६२ सालचा व्हॉक्स कॉन्टिनेंटल, १९६४ सालचा फार्फिसा कॉम्पॅक्ट आणि त्यांच्यामागून निघालेले पुष्कळ ऑर्गन या जातीचे.

अशाच एका ऑर्गनशी माझी जवळून ओळख झाली. एका हौशी संस्थेच्या गोदामात तो वर्षानुवर्षे पडून होता, आणि पांढरी एकचा (पाश्चात्त्य ‘सी’) सूर फक्त वरच्या सप्तकात वाजतो, खाली मुका आहे, म्हणून तो भंगारात जाणार होता. मी तो पंचवटीतल्या घरी आणून उघडला. आत एकापुढे एक बारा कार्डे उभी होती, प्रत्येक सुराला एक. प्रत्येक कार्डावर एका टोकाला आंदोलकाचे वेटोळे आणि त्यापुढे कंपसंख्या निम्मी करत जाणाऱ्या विभाजकांची रांग. वरचा सूर जिवंत आणि खालचे सगळे मुके, याचा अर्थ आंदोलक ठीक असून साखळीतला पहिलाच विभाजक बसला होता. साखळीची कडी तुटली की तिच्याखालचे सगळे गप्प होते, पण बाकीच्या अकरा सुरांना काही होत नाही. एक ट्रान्झिस्टर बदलला आणि पांढरी एक थेट खर्जापर्यंत बोलू लागली.

खरा शोध त्यानंतरचा. प्रत्येक वेटोळ्याच्या मध्यभागी फेराइटचा लहानसा गाभा आट्यांवर बसवलेला होता. प्लॅस्टिकच्या पेचकसाने तो आत-बाहेर केला की त्या सुराचा कंप बदलतो, आणि खालची सगळी सप्तके त्याच्याबरोबर आपोआप हलतात. पेचकस लोखंडी घेतला तर जवळ जाताच वेटोळ्यावर परिणाम होतो, आणि हात काढला की सूर पुन्हा सरकतो. ज्यांच्याबरोबर मी साथीला बसतो त्या ज्येष्ठ गायिका काकू शेजारी तंबोरा घेऊन बसल्या होत्या. त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे त्यांचा गंधार पांढरी एकवर. मी गाभा किंचित फिरवायचो, त्या ऐकायच्या.

“अजून उतरव,” त्या म्हणाल्या. “अजून जरा. थांब, आता पुढे नको. बसला.”

“काकू, पेटीपेक्षा बराच खाली आलाय हा.”

“पेटीचं सोड. तंबोऱ्याला विचार.”

सा आणि ग एकत्र दाबल्यावर आधी जी थरथर ऐकू येत होती ती हळूहळू मंदावत जाऊन थांबली होती. या जातीच्या ऑर्गनमधली लाट चौकोनी असते, आणि चौकोनी लाटेत तिसरा, पाचवा असे विषम उपस्वर गणिताने अचूक असतात. म्हणजे या वाद्याच्या खर्जात स्वयंभू गंधार खराखुरा आहे, आणि वरचा गंधार त्याच्याशी मिळवता येतो. पत्ती न खरवडता, काहीही वाया न घालवता, पुन्हा हवे तेव्हा पूर्ववत करता येईल अशा रीतीने बारा सूर लावायची सोय कळपट्टीच्या वाद्यात मला दुसरीकडे इतक्या सहज मिळालेली नाही. ते घडवणाऱ्यांच्या मनात आपले संगीत नसणार. त्यांना तो गाभा कारखान्यात समान सप्तक लावून घेण्यासाठी हवा होता. तरीही दार उघडे राहिले होते, हे महत्त्वाचे.

या सोयीची मर्यादाही सांगायला हवी. काळी चारच्या षड्जाला धरून गंधार आणि कोमल धैवत दोन्ही शुद्ध प्रमाणात लावले आणि मग पांढरी एकला षड्ज असणाऱ्या गायकाची साथ केली, तर त्याचा गंधार येतो तो कोमल धैवताच्या पट्टीवर, आणि तो शुद्ध गंधारापेक्षा सुमारे ४१ सेंट चढा लागतो. कोणीही ऐकून घेणार नाही इतका तो बेसूर असतो. तेव्हा असा लावलेला ऑर्गन एका गायकाचा आणि त्याच्या जवळच्या पट्ट्यांचा. नाटकात तीन-चार पात्रे आपापल्या पट्टीत गात असतील तिथे समान सप्तकाला पर्याय नाही, आणि रंगभूमीच्या वादकांनी ते स्वीकारले यात त्यांचा व्यवहारी शहाणपणा होता. शिवाय वेटोळी हवेला संवेदनशील असतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गारठा सरकला की सकाळी लावलेला सूर दुपारच्या उन्हात तसाच राहत नाही, आणि बारा कार्डे बारा वेगवेगळ्या प्रमाणांत सरकतात.

नेमक्या याच त्रासावर उपाय म्हणून १९७०च्या दशकात सगळ्या वरच्या सुरांसाठी एकच चिप आली. मॉस्टेक कंपनीच्या चिपचे गणित पाहण्यासारखे आहे. सेकंदाला सुमारे वीस लाख ठोके देणारे एक मुख्य घड्याळ घ्यायचे आणि त्याला ४७८, ४५१, ४२६, ४०२, ३७९ अशा ठरावीक पूर्णांकांनी भागत जायचे. प्रत्येक भागाकार म्हणजे एक सूर. आता बारा सूर आपसांत कधीच बिघडणार नाहीत, आणि घड्याळाची गती बदलली की सगळे वाद्य एकदम वर-खाली करता येईल. पट्टी जुळवण्याच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. पण ४७८ हा षड्ज धरला तर गंधार ३७९चा, म्हणजे ४०२ सेंटवर, समान सप्तकाहूनही केसभर चढा. तिथे ३८२ हा आकडा असता तर गंधार ३८८ सेंटवर, जवळजवळ तंबोऱ्यातलाच मिळाला असता. तीन अंकांचा फरक. पण तो सिलिकॉनमध्ये कोरलेला, आणि तिथे पेचकस पोहोचत नाही. ऑर्गन स्वस्त, हलका, स्थिर झाला आणि वाजवणाऱ्याचा हात सुरावरून निघाला. या पायरीला निव्वळ प्रगती म्हणायला माझे मन धजत नाही.

१९७१ साली अॅलन कंपनीने स्वरलाट संगणकासारखी स्मृतीत साठवणारा डिजिटल ऑर्गन विक्रीला आणला. पेटीवरची आकाशवाणीची बंदी सैल झाली तेही याच वर्षी. सूर आता लोखंडात नव्हता, वेटोळ्यात नव्हता, तो आकड्यांत होता. आणि आकडा बदलता येतो. पुढच्या काळात कीबोर्डांमध्ये ‘स्केल ट्यूनिंग’ नावाची सोय आली. ती मुख्यत्वे अरबी संगीतातले पाव सूर वाजवता यावेत म्हणून दिलेली असते, पण बाराही पट्ट्या सेंटमध्ये वेगवेगळ्या सरकवता येत असल्याने आपले कामही तिच्यावर उत्तम होते. मींडेचा प्रश्न सुटलेला नाही. बाजूचे चाक फिरवले तर साधारणपणे दाबलेले सगळेच सूर एकदम सरकतात, आणि षड्ज स्थिर ठेवून एकट्या गंधारावर आंदोलन घेता येत नाही. त्याबाबत ऑर्गन अजून पेटीच्याच ठिकाणी उभा आहे. पण निदान स्थिर स्वर तरी खरा लावता येतो, आणि ही सोय आपल्याकडचे बहुसंख्य साथीदार वापरत नाहीत याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण ती त्यांच्या पुढ्यातल्या वाद्यात आधीपासूनच असते.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी भूप रागाचे आकडे देतो. गायकाचा षड्ज ज्या पट्टीवर असेल ती शून्य धरावी. ऋषभ ४ सेंट वर, गंधार १४ सेंट खाली, पंचम २ सेंट वर आणि धैवत १६ सेंट खाली. कीबोर्डात हे आकडे सुरांच्या पाश्चात्त्य नावांप्रमाणे भरावे लागतात, म्हणून काळी चारच्या गायकासाठी उणे १४ हा आकडा ‘सी’समोर भरायचा. काही कीबोर्ड बंद करताच हे सगळे विसरतात, तेव्हा आकडे नोंदणीच्या बटणावर साठवून ठेवावेत आणि एका कागदावरही लिहून जवळ ठेवावेत. वीज गेली आणि परत आली तर ऐन मैफलीत शोधाशोध होत नाही. देशकार रागाला हीच मांडणी चालवू नये. तिथला धैवत चढा हवा, म्हणून त्याला ६ सेंट वर ठेवून सुरुवात करावी आणि नेमका कुठे थांबायचे ते तंबोरा जुळवून, गाणाऱ्याला शेजारी बसवून ठरवावे.